हापूसची थेट विक्री: जाहिरातीवर पैसे घालावेत की जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीवर भागवावं?

पेटीबंद:
हंगाम जेमतेम मार्च ते मे. तेवढ्यासाठी इन्स्टाग्रामवर पोस्ट 'बूस्ट' करत (पैसे भरून जास्त लोकांना दाखवत) बसणं ही उधळपट्टी आहे. जुनी यादी आणि व्हॉट्सॲप बिझनेस ॲप पुरतं. यादीला शहरानुसार लेबलं लावा: पुणे, ठाणे, डोंबिवली. ज्या शहराची गाडी, त्याच शहराला निरोप. निरोप असा:
"शुक्रवारची गाडी, ठाणे. ५ डझन पेटी, फळ २०० ते २३० ग्रॅम. दर अमुक, घरपोच धरून. निम्मे पैसे आधी. बुधवारी संध्याकाळपर्यंत नाव द्या."
'दरासाठी मेसेज करा' लिहिलंत की गिऱ्हाईक तिथेच गळतं.

क्लिकराव:
असा एकच निरोप अनेकांना एकदम, पण वेगवेगळा पाठवायचा तो ब्रॉडकास्ट यादीतून; त्याची मेख सांगितली नाहीत, भाऊ. एका यादीत २५६ जणच, आणि निरोप पोचतो तो फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांना. मेसेज इन्फो उघडून 'पोचला'च्या खाली किती नावं आहेत ते बघा. गिऱ्हाईक रुसलंय असं वाटतं आणि त्याला निरोप गेलेलाच नसतो!
शिवाय नवं गिऱ्हाईक यादीतून येत नाही. बूस्टचं बटण सोडा, ॲड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावायच्या जागी) जा. उद्दिष्ट 'एंगेजमेंट' आणि त्यात मेसेजिंग ॲप्स निवडा, लाइक नव्हे. गाडी जाते तेवढेच पिनकोड घाला, आणि खर्च धरताना वर १८ टक्के जीएसटी धरा.

पेटीबंद:
नंबर सेव्ह करून घेणं अवघड नाही. प्रत्येक पेटीत क्यूआर कोडची चिठ्ठी: "नंबर सेव्ह करा, पुढच्या तोडीचा निरोप येईल." जाहिरातीतून येतात ते "कितीला?" विचारून गायब होतात, आणि ऐन तोडीत फोन कोण सांभाळणार?

क्लिकराव:
व्हॉट्सॲप बिझनेसमधले क्विक रिप्लाय (साठवून ठेवलेली तयार उत्तरं) कशाला आहेत? दर, वजन, गाडीचा वार, पैशांचा क्यूआर असे चार तयार ठेवा. तिरपी रेघ टाइप केली की समोर येतात.

खडूस वाचक:
कृपा करून ग्रुप काढून सगळ्यांना त्यात कोंबू नका. प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. दुसरा विक्रेता आत शिरून अख्खी यादी उचलतो. आणि एका फटक्यात हजारो मेसेज पाठवणारी ती स्वस्त सॉफ्टवेअर्स घेऊ नका. लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, नंबर बंद होतो, तोही भर एप्रिलात.

नकाशे:
दोघेही गूगल विसरलात. पुण्यात घरून माल देणाऱ्याचं गूगलवर बिझनेस प्रोफाइल (शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) हवंच. पत्ता लपवून फक्त डिलिव्हरीचा भाग दाखवता येतो. नावात 'अस्सल देवगड हापूस होम डिलिव्हरी पुणे' असलं कोंबू नका, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात, म्हणून हे काम जानेवारीत उरका. रिव्ह्यू दिल्यास सूट, हेही नियमाविरुद्ध आहे.
आणि एक. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसेल तर पोस्टवर जीआयचं चिन्ह छापू नका.

पेटीबंद:
गूगलचं मान्य. जाहिरातीचं नाही. अक्षय्य तृतीयेला मागणी आपोआप असते, माल पुरत नाही. तेव्हा जाहिरात म्हणजे नाही म्हणायची माणसं वाढवणं.

क्लिकराव:
त्या आठवड्यात बंदच ठेवा. जाहिरात लागते ती मेच्या मध्यानंतर. माल एकदम उतरतो, दर पडतात, पाऊस तोंडावर आणि तुमच्या यादीचं पोट भरलेलं.

पेटीबंद:
तेव्हाच साक्याची (बाहेरून चांगल्या फळाचा आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघण्याची) तक्रार येते, आणि नव्या गिऱ्हाइकाला साका म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

क्लिकराव:
मग पाचवा क्विक रिप्लाय करा: "फळ आतून साकाळलेलं निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत." हे पैसे घेण्याआधी पाठवायचं, तक्रार आल्यावर नव्हे.