आंदोलन कराच, पण कागद आधी मागा

उपचारातल्या हलगर्जीमुळे रुग्ण दगावला, की गेटसमोर ठिय्या दिल्याशिवाय रुग्णालय प्रशासन हलत नाही, असं म्हणतात ते पटतं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी गप्प बसावं ही अपेक्षाच क्रूर आहे. पण त्याच दिवशी केसपेपर, नर्सिंग चार्ट, औषधांच्या नोंदी यांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत त्या द्याव्याच लागतात.

माझ्या मामांच्या वेळी आम्ही त्या मागितल्या. रात्रभराच्या बीपीच्या नोंदी एकाच पेनाने, एका दमात लिहिल्यासारख्या! मामी तर सांगत होती, मध्यरात्रीनंतर कुणी फिरकलंच नाही. पुढे चौकशीत तोच कागद कामी आला. आणि हो, पोस्टमॉर्टेमला नकार देऊ नका; नंतर मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार अवघड जातं.