झोपण्यापूर्वी वाचायला रहस्यकथांचा एखादा बारीक संग्रह सुचवा

रातकिडा
नमस्कार मंडळी. रहस्यकादंबरी रात्री थोडी थोडी वाचली की कोण कोणाचा पुतण्या आणि मृत्युपत्र कोणी पाहिलं होतं हे दुसऱ्या दिवशी डोक्यातून गेलेलं असतं. म्हणून आता कथांकडे वळतेय. पुस्तक एकच हवंय, तीनशे पानांच्या आतलं, कारण मी आडवी होऊन वाचते आणि जाड ठोकळा हातात पेलत नाही. शक्यतो वेगवेगळ्या लेखकांच्या कथा असाव्यात. फार रक्तपात नको. मोबाईलवर वाचायला सांगू नका. होम्स वाचून झालाय. इंग्रजी चालेल.

जुना_वाचक
होम्स झालाय म्हणजे छप्पन्नच्या छप्पन्न कथा झाल्यात का? बहुतेक लोक पहिले दोन संग्रह वाचतात आणि झालं म्हणतात. माझ्याकडे सगळ्या कथा आणि चारही कादंबऱ्या एकाच खंडात आहेत. तोच घ्या, आयुष्यभर पुरेल. १८९१ च्या जुलैमध्ये 'स्ट्रँड' मासिकात 'अ स्कँडल इन बोहेमिया' आली तेव्हापासून आजतागायत त्या तोडीचं कोणी लिहिलेलं नाही.

भिंग
ओटो पेन्झलरने संपादित केलेलं 'द ब्लॅक लिझर्ड बिग बुक ऑफ लॉक्ड-रूम मिस्टरीज' घ्या, डोळे मिटून. २०१४ चं आहे, अडुसष्ट कथा. सगळ्या बंद खोलीतल्या: दार आतून बंद, खिडक्या बंद, आत प्रेत आणि खुनी गायब. एकच कोडं इतक्या लोकांनी इतक्या तऱ्हांनी सोडवलेलं पाहण्यात जी मजा आहे ती एका लेखकाच्या पुस्तकात कधीच मिळणार नाही. एका लेखकाच्या चार कथा वाचल्या की त्याची खोड कळते आणि पाचवीत आपण खुनी आधीच ओळखतो. इथे पान उलटलं की लेखक बदलतो आणि आपण पुन्हा कोरे.

रातकिडा
@भिंग, पानं किती आहेत?

भिंग
नऊशेच्या वर. मोठा आकार, प्रत्येक पानावर दोन रकाने. पण कथा सुट्या आहेत ना!

पानवेल
अहो त्यांनी तीनशे पानं सांगितलीत. तो ठोकळा माझ्याही घरात आहे. टेबलाशिवाय वाचता येत नाही, मध्ये उघडून ठेवलं तर आपोआप मिटतं. शिवाय सलग वाचू नये असलं पुस्तक. बंद खोलीच्या तीन कथा पाठोपाठ वाचल्या की चौथीत प्रेत सापडायच्या आधीच आपण कडीला दोरा बांधला होता का ते शोधायला लागतो.

शंकेखोर
होम्सवरून आठवलं. होम्सच्या कथा न्याय्य नाहीत. तो गुडघ्यावर बसून गालिचा तपासतो, काहीतरी खिशात घालतो आणि ते काय होतं हे वॉटसनला शेवटी सांगतो. मग वाचकाने सोडवायचं कशावरून? १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथालेखकाने दहा नियम घालून दिले, त्यातला एक हाच आहे: गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोर ठेवलाच पाहिजे. ते नियमसुद्धा एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेतच आले होते.

जुना_वाचक
होम्सच्या कथा कोडी म्हणून वाचायच्याच नसतात. दारावर थाप पडते, कोणीतरी घाबरलेलं आत येऊन बसतं आणि आपली हकीकत सांगू लागतं. त्या पहिल्या चार पानांसाठी मी त्या पुन्हा पुन्हा वाचतो. उत्तर ठाऊक असतानाही.

शंकेखोर
मग ती रहस्यकथा राहत नाही, निव्वळ साहसकथा होते. नॉक्सच्याच नियमांत जुळा भाऊ आधी कल्पना दिल्याशिवाय आणायचा नाही असंही आहे. या एका नियमासाठी त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

अर्धविराम
जुळ्या भावावरून वाद दुसऱ्या धाग्यावर घाला, ताई वाट पाहतायत.

ताई, तुमच्या बहुतेक अटींत बसेल असं एक सुचवते. मार्टिन एडवर्ड्सने संपादित केलेला 'मिरॅक्युलस मिस्टरीज', २०१७. ब्रिटिश लायब्ररीच्या क्राइम क्लासिक्स मालिकेतला आहे. जुन्या कथा, वेगवेगळे लेखक, हातात मावणारं पुस्तक, रक्तपात जवळपास नाही. होम्स नसलेली कॉनन डॉयलची 'द लॉस्ट स्पेशल' त्यात आहे. एक अख्खी आगगाडी दोन स्टेशनांच्या मध्ये नाहीशी होते. एका स्टेशनातून सुटल्याची नोंद आहे, पुढच्याला पोचलेलीच नाही, आणि मधला रूळ जागच्या जागी. एक सांगते, प्रत्येक कथेआधी संपादकाने लेखकाबद्दल थोडं लिहिलेलं असतं ते कथा झाल्यावर वाचा. या पुस्तकात तसा धोका नाही, पण दुसऱ्या एका संग्रहात दोन ओळींच्या टिपणातून मला कलाटणीचा वास आला आणि सगळी कथा त्या वासातच गेली.

पानवेल
+१ टिपणं नंतर. अनुक्रमणिकासुद्धा नीट पाहू नये. कथांची नावंच कधीकधी बोलकी असतात.

कोरा_कागद
'द बेस्ट अमेरिकन मिस्टरी स्टोरीज' ही वार्षिक मालिका कोणी कशी सुचवली नाही? १९९७ पासून निघते, दर वर्षी वेगळा पाहुणा संपादक. २०२१ पासून नाव थोडं बदललंय. मी कुठलंही वर्ष उचलतो. जुन्या इंग्रजी बंगल्यांत अडकून पडण्यापेक्षा आजचं वाचा.

अर्धविराम
ती मालिका चांगली आहे, पण घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांची व्याख्या फार सैल आहे. कथेच्या गाभ्याशी गुन्हा असला की पुरे, शोध लावणारा असायलाच हवा असं नाही. अर्ध्याअधिक कथांत कोडंच नसतं. माणूस गुन्ह्यापर्यंत कसा येऊन पोचतो ते असतं. उत्तम लिहिलेलं असतं, पण उलगडा हवा असेल तर हाताला काही लागत नाही. आणि झोपेआधी वाचण्याजोगं तर नाहीच.

कोरा_कागद
उलगडा म्हणजेच सगळं काही नाही. सुझन ग्लास्पेलची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' वाचा, १९१७ ची. पुरुष मंडळी पुरावा शोधायला वरच्या मजल्यावर जातात. खाली स्वयंपाकघरात दोन बायका नुसत्या बसलेल्या. त्यांना गोधडीची शिवण दिसते: सगळीकडे टाके एकसारखे, आणि एका तुकड्यावर अचानक वेडेवाकडे. शिवणारीचा हात तिथे का बिघडला असेल, याच्यावर अख्खी कथा उभी आहे. ग्लास्पेल आधी वार्ताहर होत्या आणि अशा एका खटल्याच्या बातम्या त्यांनीच दिल्या होत्या.

मोरपीस
ही कथा मीही वाचली आहे. त्यातली एक बाई बोलता बोलता तो वेडावाकडा टाका उसवून सरळ घालायला घेते. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

जुना_वाचक
एलरी क्वीन यांनी संपादित केलेला 'वन हंड्रेड अँड वन इयर्स एंटरटेनमेंट' माझ्याकडे आहे, जुनी प्रत. १९४१ चा. पो यांची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' १८४१ ची, म्हणजे तिथपासूनचा सगळा इतिहास एका पुस्तकात. तो वाचल्याशिवाय या प्रकाराबद्दल बोलू नये असं माझं मत आहे. पानं बरीच आहेत.

भिंग
बंद खोली नको असेल तर बंद कोठडी घ्या. जॅक फुट्रेलची 'द प्रॉब्लेम ऑफ सेल १३', १९०५ ची. एक प्राध्यापक पैज लावतो की फाशीच्या कैद्याच्या कोठडीतून आठवड्याभरात नुसत्या डोक्याच्या जोरावर बाहेर पडेन. आत नेतो काय, तर दात घासायची पूड, थोड्या नोटा आणि बुटांना पॉलिश. वर्तमानपत्रात क्रमशः छापली तेव्हा वाचकांनी उत्तर पाठवावं म्हणून बक्षीस लावलं होतं. फुट्रेल पुढे १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली त्यात गेला. जुन्या कथांच्या बऱ्याच संग्रहांत ही सापडते.

शंकेखोर
ही मात्र उत्तम. याबाबतीत वाद नाही.

मोरपीस
एक वेगळाच प्रकार सांगू का? ऑस्टिन फ्रीमनचं 'द सिंगिंग बोन', १९१२. यात गुन्हा आधी आपल्या डोळ्यांसमोर होतो. कोणी केला, कसा केला, सगळं माहीत. मग डॉक्टर थॉर्नडाइक आपली छोटी हिरवी पेटी घेऊन येतो, तिच्यात सूक्ष्मदर्शक वगैरे असतो, आणि आपण बघत बसायचं की याला ते कसं कळणार. पहिल्या कथेत प्रेत रेल्वे रुळावर टाकलेलं आहे, अपघात वाटावा म्हणून, शेजारी फुटलेला चष्मा. थॉर्नडाइक काचेचा कण न् कण गोळा करून जुळवत बसतो आणि काच त्या चष्म्याला पुरून उरते. मग उरलेली काच कशाची? फ्रीमन स्वतः डॉक्टर होता आणि कथेतले प्रयोग आधी स्वतः करून बघायचा.

भिंग
खुनी आधीच कळला तर वाचायचं कशाला?

शंकेखोर
+१. शिवाय एकाच लेखकाचं आहे, ताईंना वेगवेगळे हवेत.

जुना_वाचक
शैली फार संथ आहे. भाषाही जुनी. मी अर्ध्यात ठेवलं.

अर्धविराम
मलाही तेच म्हणायचं होतं. पहिल्यांदाच संग्रह घेणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. ताई, 'मिरॅक्युलस मिस्टरीज' घ्या.

पानवेल
'मिरॅक्युलस मिस्टरीज'ला माझंही मत.

कोरा_कागद
आगगाडीवाल्या कथेबद्दल ऐकून मलाही तेच बरं वाटतंय.

रातकिडा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. ग्लास्पेलबाईंची कथा कालच मिळवून वाचली, @कोरा_कागद आणि @मोरपीस, टाके अजून डोळ्यांसमोर आहेत.

पुस्तक मात्र मी 'द सिंगिंग बोन' मागवलं. तुम्ही बहुतेकांनी नको म्हटलंत, पण माझी अडचण अशी की मला वाचता वाचता झोप लागते. खुनी कोण हे शेवटच्या पानावर असेल तर दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते. इथे खुनी माहीतच आहे, कथेचे दोन सरळ भाग आहेत, एक आज आणि एक उद्या. वेगवेगळ्या लेखकांची अट सोडली. त्या जोडीला संथपणा चालेल, मला तोच हवा आहे.

भिंग
बरं. अडुसष्ट कथा केव्हाही वाट पाहतील.

मोरपीस
वा! एक सूचना. पाच कथा आहेत, पण त्या सुरुवातीला गुन्हा दाखवणाऱ्या पद्धतीच्या चारच. शेवटची 'द ओल्ड लॅग' नेहमीच्या वळणाची आहे, त्यात उत्तर शेवटीच कळतं. ती सुट्टीच्या दिवशी दुपारी वाचा.