रोजचा दीड जीबी : स्वस्ताई की जबरदस्ती?

पोटमाळा
भारतात डेटा जगात सगळ्यात स्वस्त, ही टिमकी ऐकून कान किटले म्हणून धागा काढतोय. हिशोब साधा आहे. 299 चा पॅक, 28 दिवस, रोज दीड जीबी. कागदावर झाले 42 जीबी, जीबीला सात रुपये. ऐकायला झकास. आता माझ्या आईचा फोन घ्या. ती गावाला असते, दिवसभरात काय तर व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचे फोटो, संध्याकाळी यूट्यूबवर एखादं कीर्तन आणि अधूनमधून नातवाला व्हिडिओ कॉल. सेटिंगमध्ये डेटा वापर उघडून बघितला तर अख्ख्या पॅकमध्ये जेमतेम 8 जीबी. म्हणजे तिला जीबी पडला 37 रुपयांना. बाकीचे 34 जीबी रोज थोडे थोडे करून रात्री बारा वाजता गंगार्पण.

खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरले तरी आदल्या दिवशी सांगितलं की खाडा धरतात ना? इथे खाडा नाही, वर महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 12 नाही 13 रिचार्ज. माझं स्पष्ट मत आहे की आपण डेटा विकत घेतच नाही, सिम जिवंत ठेवायचं भाडं भरतो, डेटा दाखवतात ते नुसतं भाडं जास्त वाटू नये म्हणून.

टॉवरखालचा
2016 च्या आधी नेट वापरलंय का हो तुम्ही? पॅक नसताना चुकून डेटा चालू राहिला तर 10 केबीला 10 पैसे कापायचे. करा बरं एका जीबीचा हिशोब, दहा हजार चारशे रुपयांच्या वर जातो! आणि पॅक मारला तरी एक जीबीला अडीचशेच्या आसपास, तो महिनाभर पुरवायचा, फोटो उघडायच्या आधी विचार करायचा. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, आधी सगळं फुकट वाटलं, मग बाकीच्यांनाही दर पाडावे लागले. आज कीर्तन लाइव्ह बघता ते त्याच्यामुळे.

आणि खाड्याचं म्हणाल तर खानावळवाला न आलेल्या माणसाची पोळी लाटत नाही, त्याचं पीठ वाचतं. टॉवरचं तसं नाही. तुमच्या आईने डेटा वापरला नाही म्हणून कंपनीचं वीजबिल कमी येत नाही, स्पेक्ट्रमचे, म्हणजे सरकारकडून घेतलेल्या लहरींचे हप्ते थांबत नाहीत. रात्री तीनला टॉवर रिकामा असतो, ती जागा साठवून रात्री नऊला, जेव्हा सगळं गाव रील बघतं, तेव्हा वापरता येत नाही. रोजची मर्यादा ठेवतात ती गर्दी सगळ्या दिवसांवर पसरावी म्हणून. न वापरलेला डेटा कुठल्या गोदामात पडलेला नसतो.

पोटमाळा
मग तो जीबीत मोजून विकू नका ना. मोजताना मालासारखा मोजायचा आणि उरला की म्हणायचं माल नव्हताच. हे बरं आहे.

पॅकसंपला
इथे भांडताय त्या दोघांचाही डेटा उरतोय वाटतं 😂 माझा संध्याकाळी सातलाच संपतो. पार्सल पोचवायचं काम आहे, मॅप दिवसभर चालू, ॲप चालू, कस्टमरचे फोन व्हॉट्सॲपवर येतात, मध्ये तास दोन तास ऑर्डर नसली की बसून काहीतरी बघतो, माणूसच आहे. रविवारी सुट्टी असते तेव्हा घरच्या वायफायवर असतो, त्या दिवशीचा दीड जीबी अख्खा वाया आणि सोमवारी परत सातला बोंब. माझी तक्रार पैशाची नाहीच. मला 42 जीबी एकदम द्या, मी बघतो कधी वापरायचे ते.

संपल्यावर म्हणे नेट बंद होत नाही, 64 केबीपीएसने चालू राहतं. ते केबीपीएस म्हणजे बिट, बाइट नाही. आठाने भागा, सेकंदाला 8 केबी. तीन एमबीचा एक फोटो यायला सहा मिनिटं, तेही सगळं सुरळीत चाललं तर. मॅप काय डोंबल उघडणार त्याच्यावर. मग मारा टॉपअप, एक जीबीला वीसेक रुपये. पूर्वी टॉपअपची मुदत मूळ पॅकइतकी असायची, उरला तर उद्या चालायचा, आता बऱ्याच ठिकाणी छोट्या टॉपअपला एकच दिवस. म्हणजे पॅकमधला जीबी सात रुपयांचा आणि त्याच सिमवर तोच जीबी रात्री आठला वीस रुपयांचा.

सेटिंगमास्तर
कंपन्यांना शिव्या देण्याआधी फोनमध्ये बघा रे. निम्मा डेटा तुम्ही वापरतच नाही, फोन वापरतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, तिथे मोबाईल डेटावर फोटो, व्हिडिओ आपोआप डाउनलोड होतायत का बघा आणि सगळ्या टिचक्या काढा. तिथेच कॉलला कमी डेटा वापरायचा पर्याय आहे. प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर, फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर. व्हिडिओची क्वालिटी ऑटोवर ठेवू नका. नेटफ्लिक्सनेच आकडे दिलेत, मोबाईल डेटासाठी नाही, एकूणच : कमी क्वालिटीला तासाला 0.3 जीबी, मध्यमला 0.7, एचडीला 3 जीबीपर्यंत. सहा इंची स्क्रीनवर एचडी बघून कुणाला काय दिसतं देव जाणे.

अजून एक, अँड्रॉइडच्या डेटा वापरात महिना बहुतेक वेळा एक तारखेपासून धरलेला असतो आणि तुमचा पॅक सुरू होतो सतरा तारखेला, मग आकडे जुळत नाहीत आणि लोक म्हणतात कंपनी डेटा खाते. ती तारीख बदलता येते, रिचार्जची तारीख टाका. ड्युअल सिम असेल तर दोन्ही सिमचं वेगवेगळं बघावं लागतं. अर्धा, नव्वद टक्के वापर झाला की मेसेज येतो, तोही ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाने येतो, आपण न वाचता उडवतो. आणि डेटा अजिबात नको असेल तर 1925 ला स्टॉप असा मेसेज करून सिमवरचा डेटाच बंद करता येतो, फुकट. हा शब्द मात्र इंग्रजी अक्षरात टाका.

पॅकसंपला
मास्तर, सगळं केलंय. मॅप ऑफलाइन पण उतरवलाय. तरी सातला संपतो.

रिचार्जवाले भाऊ
माझं तालुक्याला मोबाईलचं दुकान आहे, दोन शब्द बोलतो. डिसेंबर 2024 ला ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्याला नेट नको त्याच्यासाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवा. जानेवारी 2025 ला आले की पॅक. जिओचा 448 ला 84 दिवस, 1748 ला 336 दिवस. एअरटेलचा 469 ला 84 दिवस, 1849 ला 365 दिवस. हे तेव्हाचे भाव, आज मारायच्या आधी एकदा बघून घ्या. तर हे पॅक असूनही लोक मागत नाहीत, कारण ॲपमध्ये ते वर दिसतच नाहीत, वर दिसतो रोज दोन जीबीचा. दुकानात म्हातारी माणसं येतात, साधा बटणाचा फोन हातात, आणि पोराने ऑनलाइन नेटचा पॅक मारून दिलेला असतो. बटणाच्या फोनात रोज दीड जीबी!

पण एक सांगून ठेवतो, नुसता कॉलचा पॅक मारला की स्मार्टफोनवर व्हॉट्सॲप नाही, नेहमीचं यूपीआय नाही. बटणं दाबून *99# ने पैसे जातात पण ते किती जण करतात. पेन्शन जमा झाली का बघायला आजोबा मग दुकानात येतात आमच्याच.

पोटमाळा
भाऊंनी मुद्द्याला हात घातला. त्या जानेवारीत अजून एक गंमत झाली होती ती कुणी सांगत नाही. एअरटेलचा 509 चा पॅक होता, 84 दिवस कॉल आणि सगळा मिळून 6 जीबी डेटा. ट्रायचा आदेश आला तसा त्यातला डेटा काढला आणि तोच पॅक 499 ला लावला. सहा जीबी काढले, दहा रुपये कमी! 1999 चा वर्षाचा पॅक होता, 24 जीबीवाला, तो डेटा काढून 1959. बोंबाबोंब झाली, ट्राय म्हणालं आम्ही तपासतो, तेव्हा कुठे 469 आणि 1849 वर आले. आता सांगा, सिमचं भाडं हा माझा शब्द चुकला का?

टॉवरखालचा
चुकला नाही, पण तुमचाच धागा तुमच्या गळ्यात आला ना राव. डेटाची किंमत 6 जीबीला 10 रुपये असेल तर आईच्या बुडालेल्या 34 जीबीचे झाले साठ रुपयेसुद्धा नाहीत. त्यासाठी खाडा मागताय होय? मी तरी वेगळं काय म्हणत होतो, टॉवर उभा ठेवायचा खर्च आहे, त्यावर जास्तीचा जीबी जवळजवळ फुकट पडतो.

पोटमाळा
साठ रुपये म्हणजे 299 मधला पाचवा हिस्सा, तोही तुमच्याच हिशोबाने. पण ठीक आहे, खाडा सोडला. मग भाडं कमी करा. जी बाई फक्त फोन घेते आणि कीर्तन बघते तिने आणि दिवसभर रील बघणाऱ्याने सारखंच भाडं का भरायचं?

इसारकाठ
म्युनिकहून. 28 दिवसांवरून आपल्याकडच्या कंपन्यांना लुटारू म्हणताना वाचलं की मला हसू येतं, कारण इथेही प्रीपेड चार आठवड्यांचंच असतं, तेरा वेळा भरायचं. आणि डेटा संपला की इथेही बऱ्याच पॅकमध्ये 64 वरच आणून ठेवतात, आकडा तोच! फरक इतकाच की इथे रोजची मर्यादा नसते, चार आठवड्यांचा डेटा एकत्र मिळतो, पॅकसंपला म्हणतात तसा. मला तो प्रकार बरा वाटतो. जीबीचा भाव मात्र विचारू नका, भारतात गेलं की मी पाण्यासारखा डेटा वापरतो.

माझं दुखणं वेगळं आहे. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू ठेवावं लागतं, त्याला डेटा शून्य लागतो. वर्षाचा नुसत्या कॉलचा पॅक आला तेव्हा आमच्यासारख्यांची सोय झाली. कुणी परदेशी जात असाल तर त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करूनच विमानात बसा, काही विमानांमध्येसुद्धा नेटवर्क पकडतं आणि त्याचे दर वेगळेच असतात.

ताळेबंद
28 दिवसांचं रडगाणं गाणाऱ्यांसाठी : जानेवारी 2022 मध्येच ट्रायने सांगितलंय की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा ठेवायचा. आहेत ते, शोधा. दुसरं, 299 मध्ये 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे पंचेचाळीस रुपये साठ पैसे सरकारचे. तेही भाड्यात धरा. पोस्टपेडवाल्यांना तो जाहिरातीतल्या किमतीवर वेगळा लागतो हे बिल आल्यावर कळतं.

आणि खरं कारण सांगू का, गिऱ्हाईक जाणार कुठे? एअरसेल, युनिनॉर, डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स, व्होडाफोन आणि आयडिया वेगवेगळे, केवढी गर्दी होती. आता खासगी तीन आणि बीएसएनएल. डिसेंबर 2019 ला दर वाढले, 2021 च्या शेवटी वाढले, जुलै 2024 ला तिघांनी एकाच आठवड्यात वाढवले, जिओचा 239 चा पॅक 299 झाला तो तेव्हाच. बीएसएनएलने तेव्हा वाढवले नाहीत तर लोक रांगा लावून तिकडे गेले.

रिचार्जवाले भाऊ
गेले ना, माझ्याच दुकानातून गेले. आणि त्यातले बरेच परतही आले, आमच्याकडे रेंज नव्हती घरात. आता कुठे त्यांचं 4जी लागतंय. पोर्ट करायला घाबरतात लोक, पॅक कितीही स्वस्तातला असला तरी 1900 ला पोर्टचा मेसेज जायला पाहिजे असा नियम आहे, गिऱ्हाईकाला माहितीच नसतं.

पॅकसंपला
भाऊ माझ्यासाठी काय ते सांगा, हे तुमचं भाडं आणि स्पेक्ट्रम राहू द्या.

रिचार्जवाले भाऊ
तुमच्या फोनला 5जी आहे का आणि तुम्ही फिरता त्या भागात रेंज आहे का ते बघा. असेल तर रोज दोन जीबीचा पॅक मारा, त्याच्यावर 5जी बिनमर्यादेचं मिळतं, जिओ-एअरटेलने जुलै 2024 ला दीडवरचं बंद केलं. 5जीवर जे वापराल ते रोजच्या कोट्यात मोजत नाहीत. 4जीवर आलात की मोजतात. आमच्या गावाकडच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, टॉवरच 4जीचा, तो दोन जीबीचे पैसे भरतो आणि जाहिरात बघतो.

पोटमाळा
आणि माझ्या आईचं?

रिचार्जवाले भाऊ
घरात वायफाय आहे का?

पोटमाळा
नाही. आमच्या वाडीत केबलवाला पण येत नाही.

रिचार्जवाले भाऊ
मग थोडा डेटा एकत्र देणारे पॅक बघा, एअरटेलचा 548 ला 84 दिवस आणि 7 जीबीचा निघाला होता जानेवारी 2025 ला. पण 84 दिवसांना 7 जीबी, माऊलींना 28 दिवसांना 8 लागतात म्हणता. कीर्तन 144 पी वर लावून द्या, आवाज नीट येतो, चित्र जरा धूसर. ते नको असेल तर 299 च मारा.

टॉवरखालचा
म्हणजे शेवटी 299 च 😄

पोटमाळा
ती म्हणते महाराजांचा चेहरा दिसला पाहिजे. मारतो 299.