ग्रेड २ सार्कोमा: गाठ पुढे पसरेल का, हे जनुकांच्या तपासणीवरून कळते का?

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर):
गेल्या गणपतीत सोवळे नेसताना माझ्या थोरल्या भावाच्या हाताला मांडीत खोलवर गाठ लागली. ती शस्त्रक्रियेने काढली असून रिपोर्टमध्ये अनडिफरन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा (मऊ ऊतींचा एक कर्करोग), ग्रेड २ (आक्रमकतेची मधली पायरी), आकार ७ सेंटिमीटर, की-६७ ३० टक्के असे लिहिले आहे. छातीच्या सीटीत काही आढळले नाही. फ्रान्समधील ६७ जनुकांच्या एका तपासणीबद्दल वाचनात आले. आमच्या रिपोर्टमधील की-६७ म्हणजे तीच का? नसल्यास, ती करून रोग फुप्फुसांत जाईल की नाही हे ठरवता येईल का? वहिनी रोज हेच विचारते.

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, इंदूर):
ताई, दोन्हींत ६७ हा आकडा केवळ योगायोगाने आला आहे. की-६७ हे एकच प्रथिन असून ते विभाजनाच्या वाटेवर असलेल्या पेशींच्या केंद्रकात दिसते. ‘की’ हे जर्मनीतील कील शहराच्या नावावरून आले. तुम्ही वाचलेली तपासणी सिनसार्क या नावाने ओळखली जाते. बोर्दो येथील संशोधकांच्या गटाने ती २०१० मध्ये मांडली, आणि पेशीविभाजन व गुणसूत्रांची व्यवस्था सांभाळणारी ६७ जनुके गाठीत किती सक्रिय आहेत, हे ती एकत्रितपणे मोजते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी बिघडत गेलेली गाठ दूर पसरण्याची शक्यता अधिक असते, हा त्यामागचा विचार आहे.

ग्रेड आम्ही तीन गोष्टींच्या गुणांवरून देतो: पेशी मूळ ऊतीशी किती मिळत्याजुळत्या आहेत, विभाजने किती दिसतात आणि गाठीचा किती भाग मृत झाला आहे. बेरीज चार किंवा पाच आली की ग्रेड २. हा मधला गट आम्हालाही सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यातल्या काही गाठी शांत राहतात आणि काही फुप्फुसांत जातात. सिनसार्कचा उपयोग मुख्यतः इथेच अपेक्षित आहे. मात्र ती जोखीम जास्त की कमी एवढेच सांगते; तुमच्या भावाचे नक्की काय होईल, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि ती आपल्याकडे नेहमीच्या उपचारांचा भागही झालेली नाही.

उत्तर (रुग्णाचा मुलगा, इंदूर):
माझे कळकळीचे सांगणे एवढेच, की आधी गाठीचा प्रकार पक्का करून घ्या. वडिलांच्या पहिल्या रिपोर्टमध्ये प्रकार चुकीचा लिहिला होता. मुंबईला ब्लॉक नेल्यावर एफयूएस आणि डीडीआयटी३ या जनुकांची जोडणी सापडली आणि मिक्सॉइड लायपोसार्कोमा (चरबीच्या पेशींचा सार्कोमा) ठरला. तो फुप्फुसांखेरीज मणक्यांत आणि इतर मऊ ऊतींतही जातो, म्हणून डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय करायला सांगितला, जो आधी कोणी सुचवलाच नव्हता. ब्लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीवरचा मेणाचा तुकडा, ज्यात गाठीचा नमुना बसवलेला असतो आणि ज्यावर पेन्सिलीने लॅबचा नंबर असतो. तो लॅबकडून मागून घ्या आणि उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन येते. दादाचा प्रकार आणि ग्रेड सार्कोमा पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेतल्याखेरीज जनुकांच्या तपासणीवर पैसे खर्च करणार नाही, आणि छातीचा पुढचा सीटी कधी करायचा, हेही डॉक्टरांकडून लिहून घेते.