बोट दाखवण्याचे दोन प्रकार

सॅली-ॲन चाचणीवरून 'ऑटिझम असलेल्या मुलांना दुसऱ्याचं मन कळतच नाही' असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. या चाचणीत सॅली नावाची बाहुली गोटी टोपलीत ठेवून जाते, तिच्यामागे ॲन ती दुसरीकडे लपवते, आणि परत आलेली सॅली गोटी कुठे शोधेल, असं मुलाला विचारतात. १९८५च्या त्या मूळ अभ्यासात ऑटिझम असलेली २० मुलं होती. १६ चुकली, पण ४ जणांनी बरोबर उत्तर दिलं. शिवाय ती चाचणी साधारण चार वर्षांपुढच्या, गोष्ट ऐकून समजणाऱ्या मुलांसाठी. फरक त्याच्या कितीतरी आधी दिसू लागतो.

वर्ष-सव्वा वर्षाचं मूल खिडकीतून जेसीबी दिसला की बोट दाखवतं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघतं. त्याला जेसीबी नको असतो, आईनेही तो बघावा एवढंच हवं असतं. ऑटिझममध्ये बहुतेकदा नेमकं हेच कमी किंवा उशिरा दिसतं. हवी ती वस्तू मागणं त्यामानाने बरं जमतं: बाबांचा हात धरायचा आणि चेहऱ्याकडे न बघता बिस्किटांच्या डब्यावर नेऊन ठेवायचा. म्हणून 'मागतो की सगळं' एवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय.

आणि असं दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर जुळवायचं काम एकट्या मुलाचं नाही. ते गाडीचं चाक फिरवत बसलं असेल तर 'इकडे बघ' म्हणत हनुवटी वळवू नका. शेजारी बसा, तुम्हीही चाक फिरवा, थांबा. संशोधक कॉनी कसारी यांची ऑटिझम असलेल्या लहान मुलांसाठीची जास्पर (JASPER) ही उपचारपद्धत मुलाच्या खेळात असं सामील होण्यावरच उभी आहे. नजर मिळाली नाही म्हणजे लक्ष नाही, असंही धरू नका. डोळ्यांत बघावं लागलं की ऐकणंच अवघड होतं, असं कित्येक ऑटिस्टिक मोठी माणसं स्वतः सांगतात.