सेंट्रल लॉक लागतं आणि लगेच उघडतं – मदत हवी आहे

गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक. सेंट्रल लॉक कंपनीचं नाही, बाहेरून बसवलेलं. रिमोट दाबला की चारही दारं लॉक होतात आणि क्षणात खटकन परत उघडतात. पावसाळ्यात त्रास जास्त.

रिमोटचा सेल नवा टाकला, फ्यूज ठीक आहे, बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. ड्रायव्हरच्या दाराचं ट्रिम काढून लॉकमध्ये सिलिकॉन स्प्रे मारला, रॉड कुठे अडकत नाही. त्याच दारातल्या पाच वायरवाल्या ॲक्च्युएटरचा (लॉकचा रॉड हलवणारी छोटी मोटर) कनेक्टर काढला, तर रिमोटवर बाकीची तीन दारं व्यवस्थित लॉक होतात आणि तशीच राहतात. म्हणून मोड्यूलपेक्षा (चारही लॉक चालवणारा कंट्रोल बॉक्स) या ॲक्च्युएटरच्या आतल्या, दार लॉक आहे की उघडं हे मोड्यूलला कळवणाऱ्या स्विचवर संशय आहे. बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी वरून धड दिसतात, आत तुटल्या असतील तर सांगता येत नाही.

मेकॅनिक सरळ पूर्ण किट बदला म्हणतो, ते पटत नाही. गाडी रस्त्यावरच उभी असते, त्यामुळे कनेक्टर काढून ठेवणं परवडणारं नाही.

मल्टिमीटर आहे. पाचपैकी स्विचच्या तीन वायरी कशा ओळखायच्या, आणि रॉड वर-खाली करताना त्यांच्यात कंटिन्युइटी (कोणती वायर कोणत्या वायरला आतून जोडली जाते ते) कशी बदलायला हवी? स्विचच खराब निघाला, तर दुसऱ्या कंपनीचा पाच वायरवाला ॲक्च्युएटर जुन्या मोड्यूलवर चालेल का?