शब्दचर्चा: ‘अपुऱ्या दिवसांचं’, ‘सातव्याचं’ आणि ‘उशिरा बोलणारं’ बाळ

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचा मेंदू आणि त्यांचं बोलणं, या विषयावर इथल्या आयांसाठी एक घडीपत्रिका लिहितेय. शब्दांपाशीच अडले आहे. सरकारी कागदावर ‘मुदतपूर्व प्रसूती’, वर्तमानपत्रात ‘अकाली प्रसूती’, घरात ‘अपुऱ्या दिवसांचं’, कागल-मुरगूडकडच्या आज्ज्यांच्या तोंडी ‘सातव्याचं’ आणि दवाखान्यात सरळ ‘प्रीमॅच्युअर’. यातला कोणता घ्यावा? आणि ‘करेक्टेड एज’ला, म्हणजे जन्माऐवजी दिवस भरायच्या तारखेपासून मोजलेल्या वयाला, काय म्हणावं?

उत्तर (वाचा-उपचारतज्ज्ञ, शाहूपुरी)

ताई, ‘अपुऱ्या दिवसांचं’ घ्या. ‘अकाली’च्या मागोमाग आपल्या कानात ‘निधन’ येतं, आणि बाळ अतिदक्षता विभागात असलेल्या आईच्या हातात तो शब्द देऊ नये. ‘मुदत’ ठेवीची नि कर्जाची. ‘दिवस जाणं’, ‘दिवस भरणं’ ही बाळंतपणाची आपली भाषाच आहे. तिच्यातूनच ‘अपुऱ्या दिवसांचं’ येतं, कुणाला समजवावं लागत नाही.

व्याख्या मात्र आठवड्यांतच द्या. आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतो. तीस दिवसांचा महिना धरला तर ते २७९ दिवस होतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजतात, म्हणजे २८० दिवस. हिशेब जवळजवळ एकच. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं, ३२ च्या आत असेल तर बरंच अपुरं आणि २८ च्या आत असेल तर फारच.

आणि ‘कमी वजनाचं’ हा वेगळा शब्द आहे, त्याची यात मिसळ नको. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, पण ते पूर्ण दिवसांचंही असू शकतं.

प्रश्न विचारणारी

‘सातव्याचं’ सोडावंसं वाटत नाही. इथं तो शब्द जिवंत आहे. पण त्याच्यासोबत ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ हेही येतं.

वाचा-उपचारतज्ज्ञ

शब्द ठेवा, समजूत खोडून काढा. पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यानं बाळाची जगण्याची शक्यता वाढते, आठव्या महिन्यात ती मागे जात नाही.

माझी अडचण दुसरी आहे. मेंदूच्या बाबतीत ‘सातवा महिना’ हे माप फार ढोबळ पडतं. २४ व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. ठळक वळ्या त्यानंतर, शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. ३४ व्या आठवड्यालासुद्धा मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच असतं. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणाऱ्या तंतूंवर एक स्निग्ध आवरण चढतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. ते आवरण तयार करणाऱ्या पेशी साधारण २४ ते ३२ आठवड्यांत सर्वांत नाजूक असतात. रक्तपुरवठा किंवा प्राणवायू कमी पडला, जंतुसंसर्ग झाला, तर आधी त्यांना इजा होते. बोलण्याला मेंदूचे बरेच भाग एकमेकांशी जोडलेले लागतात, म्हणून ही इजा पुढे भाषेतही दिसू शकते. दिसेलच असं नाही. जितकं लवकर जन्मलं तितका धोका जास्त, एवढंच खात्रीनं लिहा. आणि ‘मंद’ हा शब्द पत्रिकेत कुठंही येऊ देऊ नका.

उत्तर (कागल)

आमच्याकडं ‘पोरगं काचेत ठेवलंय’ म्हणत्यात. माझ्या नातीला काचेत ठेवलं होतं तवा आम्ही सगळी बाहेर गप बसून. आत बोलायचं नसतं असंच वाटायचं. बोललेलं चालतं का?

वाचा-उपचारतज्ज्ञ

काकू, चालतं. नुसतं चालतं असं नाही, ते हवंच असतं. २५ व्या आठवड्याच्या आसपास बाळाला ऐकू यायला लागतं. पोटात आईचा आवाज तिच्या अंगातून बाळापर्यंत जातो. अक्षरं पुसट होतात, पण चाल पोचते. दिवस भरायच्या आधी बाहेर आलेल्या बाळाचं ते ऐकणं तुटतं आणि कानावर यंत्रांचे भोंगे पडतात. अमेरिकेत काही बाळांच्या ३२ व्या आणि ३६ व्या आठवड्याला कानावर पडणारे शब्द मोजले होते. ज्यांच्या आसपास जास्त बोललं गेलं, त्यांचे गुण पुढच्या विकास-चाचण्यांत बरे आले. तो अभ्यास २०१४ साली छापून आला. बाळं थोडी होती, म्हणून ‘बोललं की मूल हुशार होतं’ असं छापू नका. पण नर्सना विचारून, आवाज हळू ठेवून, सावकाश बोलायला हरकत नाही.

‘कांगारू मदर केअर’ला ‘उघड्या छातीशी बाळ धरणं’ लिहा. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. वडिलांनीही असं धरता येतं, हे आवर्जून घाला. बाळ तिथं असताना कान तोंडाजवळच असतो, बोलायची याहून चांगली जागा नाही.

प्रश्न विचारणारी

आता ‘करेक्टेड एज’. ‘सुधारित वय’ वाचलं की बाळात काही बिघाड होता असं वाटतं.

वाचा-उपचारतज्ज्ञ

मी ‘तारखेचं वय’ म्हणते. ‘डॉक्टरांनी तारीख कधीची दिलीय?’ हे प्रत्येक घरात विचारतात, तीच तारीख. २८ व्या आठवड्याला जन्मलेलं बाळ १२ आठवडे आधी आलं. जन्मतारखेनं वर्षाचं झालं तेव्हा तारखेनं सव्वानऊ महिन्यांचं. ‘वाढदिवस झाला तरी आई म्हणत नाही’ ही काळजी तिथंच निम्मी होते. दोन वर्षांपर्यंत असं मोजतात. लसी मात्र जन्मतारखेनंच द्यायच्या, हे ठळक अक्षरात लिहा, नाहीतर या शब्दामुळे लस लांबेल.

‘उशिरा बोलतंय’ म्हणण्याआधी ‘कळतंय का’ हे बघायचं. ‘पंखा कुठाय?’ म्हटल्यावर वर बघणं, ‘दे’ म्हटल्यावर हातातली वाटी पुढं करणं, हेसुद्धा भाषेतच येतं. उलट पहिले शब्द वेळेत आले म्हणजे सुटलो, असंही नाही. काही मुलं शाळेच्या वयात लांब वाक्यांना, ऐकलेली गोष्ट क्रमानं सांगण्याला अडतात. तिथं ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो.

‘आमच्यात सगळी उशिराच बोलली’ आणि ‘जीभ जड आहे’ या दोन वाक्यांपायी ऐकण्याची तपासणी राहून जाते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची ‘बेरा’, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, झाली का, हे घरी जायच्या आधी विचारा. इथं तारखेचं वय मोजत थांबायचं नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. कोल्हापूरची मुलगी ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणाली की बाहेरून आलेला तपासनीस चूक धरतो. तिची आई तसंच बोलते. ते बरोबर उत्तर आहे.

उत्तर (गडहिंग्लज)

आमच्या घरात आई कन्नड बोलते, बाकी मराठी. बाळ आठव्या महिन्यात जन्मलेलं. डॉक्टरांच्या ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, एकच भाषा ठेवा, गोंधळ होईल. पत्रिकेत याचंही काही येईल का?

वाचा-उपचारतज्ज्ञ

दादा, दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. आईनं तिच्याच भाषेत बोलावं, परक्या भाषेत ती कमी बोलेल. शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजा. ‘पाणी’ आणि ‘नीरु’ दोन्ही म्हणत असेल तर दोन शब्द धरा.